विमानातला टॅब कुणाला वाचवतो?

टॅब तापतो जमिनीवर आणि बंद पडतो हवेत, असं भाचीचं म्हणणं. मामांचं म्हणणं, तो हवेत बंद पडतो एवढं पुरे आहे. तापला कुठे याची चौकशी उतरल्यावर करता येईल.

कांजूरमार्ग पश्चिमेच्या एका जुन्या वसाहतीत, मे महिन्यातल्या एका रविवारी, आमरस-पुरीचं जेवण उरकल्यावर हा वाद रंगला. मामा जुहूच्या हँगरमध्ये ॲव्हिओनिक्सचं, म्हणजे विमानातल्या रेडिओ आणि दिशादर्शक उपकरणांचं काम करून निवृत्त झालेले. भाची घाटावरच्या एका प्रशिक्षण केंद्रात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी तास भरते आहे. आपल्याकडे या परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात किमान ३०० सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरण्याचा, एकटीने करायचा प्रवासही येतो. त्याच प्रवासाच्या तयारीत, प्रशिक्षक शेजारी बसलेले असताना, तिच्या टॅबवर तापमानाचा इशारा झळकला, नकाशा गेला आणि पडदा काळा झाला.

“मग काय केलंस?” मामांनी विचारलं.

“काय करणार? सर म्हणाले, मांडीवरचा कागद बघ. बघितला. नदी सापडली, धरण सापडलं, आलो परत.”

“म्हणजे टॅब नसता तरी आली असतीस.”

“मामा, हा वकिली मुद्दा झाला. टॅब होता म्हणूनच कागद बघायची वेळ येईपर्यंत आम्ही बरोबर रस्त्यावर होतो.”

आकड्यांत शिरलं की भाचीची बाजू जरा लंगडी पडते. वैमानिकांमध्ये सर्वाधिक चालणारा टॅब म्हणजे ॲपलचा आयपॅड. तो ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असं खुद्द कंपनी सांगते. आता महाराष्ट्रातली विमान शिकण्याची ठिकाणं आठवा. १९२८ मध्ये जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण आता धुळ्यात चालतं. गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय पातळीवरची संस्था आहे. बारामतीलाही विमानं शिकवली जातात. यातल्या कुठल्याही गावात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे इंजिन सुरू होण्याआधीच, नुसत्या सावलीत, उत्पादकाने घालून दिलेली मर्यादा मागे पडलेली असते.

त्यात सेसनासारख्या छोट्या विमानाला चहूबाजूंनी काचा, वातानुकूलन नाही. विमान चालायला लागलं की समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून वारा येतो, पण धावपट्टीच्या तोंडाशी परवानगीची वाट बघत उभं असताना तोही नाही. टॅबची काच काळी, ऊन शोषून घेणारी. उन्हात दिसावं म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण वाढवलेला. जीपीएस अखंड चालू. वर चार्जिंगची वायर जोडलेली, आणि चार्ज होणारी बॅटरी स्वतःही उष्णता टाकते. जाड रबरी कव्हर असलं तर ही सगळी उष्णता आतच कोंडते. आणि हे सगळं बऱ्याचदा विमानाच्या काचेलाच सक्शन कपने चिकटवलेलं असतं, म्हणजे ऊन सगळ्यात जास्त पडतं तिथे.

“यातलं एकेक सुटतं,” भाची म्हणाली. “कव्हर काढलं. टॅब विमानात आधीपासून ठेवत नाही, माझ्याबरोबरच चढतो. वाऱ्याच्या नळीसमोर क्लिप लावली. घरून पूर्ण चार्ज करून नेते, उन्हात वायर लावत नाही. आणि वर गेलं की हजार फुटांना दोन अंश गारवा मिळतोच. त्या दिवसापासून एकदाही बंद पडला नाही. चूक टॅबची नव्हती, माझी होती.”

“फ्रीजमध्ये नाही ना ठेवलास?”

“आमच्यातल्या एकाने ठेवला होता. बाहेर काढल्यावर काचेच्या आतून दव धरलं.”

मामा हसले. पण त्यांचा खरा मुद्दा वेगळाच होता. विमानाच्या पॅनेलमध्ये बसणाऱ्या उपकरणाला डीओ-१६० नावाच्या चाचण्यांमधून जावं लागतं: उष्णता, थंडी, दमटपणा, हादरे, विजेच्या दाबातले चढउतार. कॉकपिटमधल्या बऱ्याच उपकरणांना ५५ अंशांत सतत आणि ७० अंशांत काही काळ चालून दाखवावं लागतं.

“चालून दाखवावं लागतं, हे ध्यानात घे,” मामा म्हणाले. “त्या खोक्याला विचारतात, तापलास तरी काम करशील का? तुझ्या टॅबला कुणी विचारलंय, तापलास तर काय करशील? तो म्हणतो, मी आधी उजेड कमी करीन, मग चार्जिंग थांबवीन, मग बंद होईन. कारखान्याने त्याला बॅटरी वाचवायला शिकवलंय. सोफ्यावर बसून सिनेमा बघणाऱ्यासाठी ते अगदी बरोबर आहे. पण ज्या क्षणी तुला त्याची गरज, त्याच क्षणी तो स्वतःला वाचवणार.”

या सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. टॅब तापून बंद होतो तेव्हा त्याच्यात बिघाड झालेला नसतो. तो सांगितलेलं काम चोख करत असतो. फक्त ते काम वैमानिकाने सांगितलेलं नसतं.

भाचीकडे याला उत्तर होतं आणि ते कच्चं नव्हतं. “चाचण्यांचं एवढं कौतुक, तर मग ड्रीमलायनरचं काय?”

जानेवारी २०१३ मध्ये बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ ड्रीमलायनरमधली लिथियम बॅटरी पेटली. नऊ दिवसांनी ऑल निप्पॉन एअरवेजच्या दुसऱ्या ७८७ ला बॅटरीच्या धुरामुळे ताकामात्सुला तातडीने उतरावं लागलं. जगभरातली ७८७ विमानं जमिनीवर आली, त्यात एअर इंडियाची सहा होती. बोइंगने आधी हिशेब मांडला होता की बॅटरीतून धूर येण्याचा प्रकार एक कोटी उड्डाण-तासांत एकदा घडेल. प्रत्यक्षात एक लाख तासही भरले नव्हते आणि दोनदा घडला. ही बॅटरी कुणी दुकानातून आणून लावलेली नव्हती. सगळ्या शिक्क्यांनिशी विमानात बसवलेली होती.

“कबूल,” मामा म्हणाले. “पण पुढे काय झालं तेही सांग. बॅटरी पोलादी पेटीत बंद केली, पेटीतून धूर थेट विमानाबाहेर जाईल अशी नळी काढली, मगच विमानं उडाली. पेटणार नाही अशी खात्री कुणी देईना, तेव्हा पेटली तरी काय, याची सोय केली. तुझ्या टॅबभोवती कुठली पेटी आहे?”

“आणि तुमच्या काळातल्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या? त्याही तापत जाऊन भडकायच्याच ना?”

“हे कुठे वाचलंस?” मामांना प्रश्न आवडला असावा. कारण ही गोष्ट खरी आहे. टर्बाइन इंजिनाच्या विमानांत आणि हेलिकॉप्टरांत इंजिन सुरू करायला निकेल-कॅडमियम बॅटऱ्या आल्या, तेव्हा त्यांच्यातही उष्णतेने वीज वाढते आणि विजेने उष्णता, असं दुष्टचक्र सुरू होत असे. त्यावरचा उपाय नियमांतच लिहिला गेला: अशा बॅटरीचं तापमान वैमानिकाला कळलं पाहिजे, आणि ते हद्दीबाहेर गेलं तर बॅटरी यंत्रणेपासून तोडता आली पाहिजे. हेलिकॉप्टरच्या पॅनेलवर बॅटरीच्या तापमानाचा दिवा असतो तो त्यामुळे. दिवा लागला की काय करायचं, हे वैमानिकाला पाठ असतं.

टॅबवर असा काटा नाही. उजेड मंदावला तरी तापमान किती चढलं हे कुठेच दिसत नाही, एकदम शेवटचा इशारा येतो. बॅटरीचे टक्केही फसवे असतात. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. पडदा आणि जीपीएस एकदम भार टाकतात तेव्हा तिचा दाब कोसळतो आणि ४० टक्के दाखवणारा टॅब क्षणात मान टाकतो. चार्जरची तऱ्हा तशीच. स्वस्तातला यूएसबी चार्जर एवढी कमी वीज देतो की वायर लावूनही टक्के उतरत राहतात, शिवाय त्याची खरखर रेडिओत येते ती वेगळीच.

मामांच्या बोलण्यात जुन्याचं थोडं जास्तच प्रेम आहे, हे इथे सांगायला हवं. ते जेआरडी टाटांपर्यंत पोचलेच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमानाने जुहूला उतरले, तेव्हा कसली बॅटरी आणि कसला पडदा!

“मामा, तेव्हा आकाशात दुसरं विमान नव्हतं,” भाची म्हणाली, आणि हा तिचा सगळ्यात बिनतोड मुद्दा होता. “मी उडते तिथून पुणं जवळ. तिथला लोहगाव विमानतळ हवाई दलाचा. त्यांच्या हद्दीत चुकून शिरले तर काय होईल, सांगायला नको. आमच्या जुन्या सेसनात पॅनेलवर जीपीएस नाही, आणि बसवायचं म्हटलं तर काही लाखांचं काम. टॅब काही हजारांत येतो. हलत्या नकाशावर माझं विमान कुठे आहे आणि हद्द कुठे आहे, हे मला एका नजरेत दिसतं. समजा तो दहा उड्डाणांत एकदा बंद पडला, तरी उरलेल्या नऊ उड्डाणांत मी चुकत नाही. हे तुम्ही मोजतच नाही.”

मामांनी यावर लगेच काही म्हटलं नाही. म्हणण्यासारखं फार नव्हतंही. खिशाला परवडणारं साधन हातात आल्याने छोट्या विमानांची वाट चुकणं कमी होतं, हे नाकारणं म्हणजे हट्ट.

मग त्यांनी पेन्सिल सेल काढले, म्हणजे आठवणीतून. नव्वदच्या दशकात हातात मावणारे विमानी जीपीएस आले, गार्मिनसारख्या कंपन्यांचे. पडदा पोस्टाच्या पाकिटाहून लहान, रंग एकच. अमेरिकी सरकार नागरी जीपीएसच्या लहरींत मुद्दाम गोंधळ मिसळत असल्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवायचे. मे २००० मध्ये तो गोंधळ बंद झाला. पण त्या खोक्यांत साधे पेन्सिल सेल चालत.

“संपले की खिशातून दुसरे काढून घालायचे, हवेतल्या हवेत. आता बॅटरी आत चिकटवलेली. ती गेली की अख्खा नकाशा गेला.”

भाचीने मान डोलावली. या मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं. तेवढं एकच.

विमानासाठी म्हणून बनवलेलं हातातलं उपकरण घेतलं की काळजी मिटते का? फरक पडतो. ही यंत्रं टॅबपेक्षा जास्त उष्णता सोसतात आणि त्यांचा पडदा उन्हासाठीच केलेला असतो. पण आत लिथियमच आहे. गार्मिन विमानांसाठी बनवते तशी मोटारींसाठीही बनवते. ऑगस्ट २०१० मध्ये तिने मोटारीतले न्यूव्ही मालिकेचे साडेबारा लाख जीपीएस परत मागवले, कारण त्यातल्या काही बॅटऱ्या अतितापून आग लागण्याचा धोका होता. कारण बघण्यासारखं होतं: दुसऱ्या उत्पादकाची विशिष्ट बॅटरी आणि सर्किट बोर्डाची विशिष्ट रचना एकत्र आल्या तरच धोका. दोन्हींपैकी एकट्याकडे बोट दाखवता येत नव्हतं.

आणि त्यानंतर लगेच, ३ सप्टेंबर २०१० ला, दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू ७४७ मध्ये आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. कॉकपिटमध्ये इतका धूर भरला की वैमानिकांना समोरची उपकरणं दिसेनात. दोघेही गेले. पुढे १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांची मालवाहतूक थांबवली. आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. एप्रिल २०२२ मध्ये दिब्रुगडहून दिल्लीला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात एका प्रवाशाच्या फोनमधून ठिणग्या आणि धूर निघाला आणि कर्मचाऱ्यांनी तो विझवला.

“तिथे विझवायला कर्मचारी होते,” मामा म्हणाले. “तुझ्या सेसनात कोण?”

“मी, आणि एक छोटा अग्निशामक.”

“तो ज्योत मारेल, उष्णता मारणार नाही. आत शेजारचा सेल तापलेला असतो, तो पुन्हा भडकतो. ज्योत गेली की पाणी ओतायचं, भरपूर. बर्फ नाही, पांघरूण नाही. दोन्हींनी उष्णता आत कोंडते. पाण्याची बाटली हाताशी असते ना?”

“प्यायची असते.”

“तीच.”

भाची हसली, पण तिने ते मनात टिपून ठेवलं असावं, कारण पुढे बराच वेळ ती मांडीवर टॅब बांधायचा पट्टा बरा की वाऱ्याच्या नळीजवळची क्लिप, यावर बोलत राहिली. पट्ट्याने बांधलेला टॅब पेटला तर मांडीवरूनच सोडवावा लागेल. तिने पट्टा बाद केला.

मामांच्या वसाहतीच्या गच्चीवरून घाटकोपरच्या बाजूने मुंबई विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात. त्यातल्या बहुतेक कॉकपिटांत टॅब असतोच. पूर्वी वैमानिक जाडजूड नकाशांनी भरलेली बॅग ओढत नेत. आता ते नकाशे टॅबमध्ये असतात आणि त्यासाठी एअरलाइन नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची रीतसर परवानगी घेते. पण तिथे दोन वैमानिक, दोन टॅब, आणि दिशा दाखवण्याचं मूळ काम पॅनेलमधल्या यंत्रणेचं. टॅब गेला तर कागदपत्रं गेली, वाट जात नाही. तरीही खोळंबा होतो. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांच्या आयपॅडवरचं नकाशांचं ॲप बंद पडलं आणि कित्येक विमानं जागेवर थांबली. तिथे बॅटरी नव्हे, ॲप फसलं होतं. टॅब उत्तम चालत असतानाही घात होऊ शकतो, याचं उदाहरण तर मुंबईचंच आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबईहून ब्रसेल्सला निघालेलं जेट एअरवेजचं बोइंग ७७७ तुर्कस्तानवर असताना सुमारे पाच हजार फूट खाली आलं. कमांडर नियमानुसार विश्रांती घेत होते आणि सहवैमानिक टॅबवर कामात गुंतल्या होत्या. डीजीसीएने दोघांना निलंबित केलं.

छोट्या विमानाची गोष्ट उलटी आहे. मोठ्या विमानात टॅब दुय्यम असतो आणि त्याची काळजी घेणारी यंत्रणा असते. दोन आसनी विमानात तो बघता बघता मुख्य होऊन बसतो आणि काळजी घेणारं कुणी नसतं. भाचीने टॅब वापरूच नये, या मामांच्या मताशी सहमत होणं कठीण आहे. पण नीट हाताळला तर तो बंद पडणार नाही, हा भाचीचा भरवसाही टिकत नाही. तिने टॅब न्यावा आणि तो नसेल असं धरून उड्डाण आखावं: कागदी नकाशावर रेघ, दर दहा मिनिटांना पेन्सिलीची खूण, मनगटावर घड्याळ. तिच्या प्रशिक्षकांनी एकट्याच्या प्रवासासाठी नेमकी हीच अट घातली आहे.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिने बॅगेतून आणखी एक टॅब काढला, मागच्या वर्षीचा. तो टेबलावर सपाट बसेना. मागची बाजू फुगली होती आणि पडदा एका कडेने उचलला गेला होता. वर्षभर तो शंभर टक्के चार्ज ठेवलेला, उन्हाळाभर कपाटात. लिथियम बॅटरीला पूर्ण चार्ज आणि उष्णता या दोन्ही गोष्टी एकत्र सोसत नाहीत. आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि बॅटरीचं पाकीट फुगतं. ठेवून द्यायची बॅटरी निम्म्याच्या आसपास चार्ज असावी आणि थंड जागी असावी.

“चार्जिंगला लावून बघू का, डेटा काढून घेते,” असं म्हणत तिने वायर हातात घेतली, तर मामांनी ती काढून घेतली. टॅब गॅलरीत, लादीवर, कापडी पडद्यांपासून लांब गेला.

“उद्या सुक्या कचऱ्यात टाकते.”

“आणि तो कचरा जातो कुठे?” मामांनी हात पूर्वेकडे केला. रेल्वेच्या पलीकडे कांजूरमार्गचं डम्पिंग ग्राउंड. मुंबईच्या कचऱ्याचा मोठा हिस्सा रोज तिथेच येतो. कचऱ्याच्या गाडीत दाबयंत्राखाली चिरडलेली लिथियम बॅटरी आग लावू शकते, आणि कचराभूमीची आग काय असते हे जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या धुराने शहराला दाखवलं आहे.

भारत सरकारच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेली बॅटरी घरच्या मिश्र कचऱ्यात टाकता येत नाही. ती संकलन केंद्राकडे किंवा अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यायची असते. ती परत गोळा करून तिचं पुढचं बघण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. घरात फुगलेला फोन, टॅब किंवा पॉवर बँक असेल तर तो चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. पुठ्ठ्याच्या नव्हे, धातूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर स्वतः नेऊन द्या.